पावडरच्या डब्यांचं वाण

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन चुकणार आणि अक्षर तर मलाच कधी कधी लागत नाही. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण आमच्या वन्संएवढी पावडर अख्ख्या भाईंदर पूर्वेत कोणी लावली नसेल, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून लिहिते.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. गोडदेवला आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. जिन्यात आधी गुलाबाचा वास यायचा, मग पांढरी मान, मग वन्सं. बांगडी अडकली, पावडर. दार करकरलं, पावडर. शालूवर तेल सांडलं तरी पावडरच. झोपतानासुद्धा चेहऱ्यावर थापायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, "रात्री कशाला, वन्सं?" तर म्हणाल्या, "अगं, चोर आला तर? बाई कशी राहते, म्हणेल ना तो!"

एका संक्रांतीला बाकीच्यांनी वाट्या-चमचे वाटले आणि वन्संनी बिल्डिंगभर पावडरचे मोठे डबे. होळीपर्यंत आमच्या जिन्याला गुलाबाचा वास येत होता.

पुढे मोबाइलवर बातमी आली. पावडरमुळे कॅन्सर झाला म्हणून परदेशात बायकांनी कंपन्यांवर केसेस टाकल्यात, भरपाई मागतायत. वन्संनी चष्मा पुसून पुसून ती वाचली. आणि त्याच आठवड्यात कळलं, तळमजल्यावरच्या भाभीच्या पोटात गाठ आहे. भाभी वन्संचाच डबा वापरायची. वन्सं म्हणाल्या, "डबा कंपनीचा, पण वाण माझं. आरोपी नंबर दोन मीच गं."

दुसऱ्या दिवशी चेहरा कोरा ठेवून, हातात पिशवी घेऊन त्या दारोदार निघाल्या. मी मागे, पदर तोंडाला लावून. बायका कुठे ऐकतायत! "काकू, वाण कधी परत मागतात का?" मग वन्सं एकेकीला नवा चमचा द्यायच्या आणि म्हणायच्या, "परत नाही मागत, बदलून देतेय." कोणी डब्यात रांगोळी भरली होती, कोणी सुया. रिकामे डबेसुद्धा त्यांनी सोडले नाहीत. "पुरावा आहे," म्हणाल्या. भाभीने मात्र न विचारता डबा काढून दिला. "ले जाओ दीदी, आपका ही तो है." तो डबा वन्संनी पिशवीत न टाकता हातातच धरला.

ती डब्यांची पिशवी घेऊन त्यांनी शांती नगरातला एक वकील गाठला आणि सगळं कबूल करून टाकलं. तो बिचारा आधी हसला, मग म्हणाला, "काकू, केसचं नंतर बघू. गाठ कसली आहे, ते तपासलंय का कोणी?"

तपासलंच नव्हतं. पैसे नाहीत म्हणून भाभी दिवस ढकलत होती. वन्संनी पाटल्यांसाठी साठवलेले पैसे काढले आणि तिला हाताला धरून नेलं. रिपोर्ट येईपर्यंत त्यांना जेवण गेलं नाही. गाठ साधी निघाली. ती काढलीसुद्धा. वन्संनी डॉक्टरीणबाईंना पावडरचं विचारलंच. त्या म्हणाल्या, "धोका असू शकतो, म्हणून सोडलीत ते चांगलंच केलंत. पण अमक्या डब्याने अमकीला गाठ झाली, असं कोणालाच सांगता येणार नाही. आणि हिला कॅन्सर नाहीच."

भाभी घरी साड्यांना फॉल-पिको करते. बरी झाल्यावर दर महिन्याला थोडे थोडे पैसे घेऊन वर यायला लागली. वन्संना पैसे नको होते. पण ती धापा न टाकता जिना चढते का, हे त्यांना बघायचं असायचं, म्हणून गुपचूप घ्यायच्या. माझ्या कानात म्हणायच्या, "रंग सुधारलाय बघ." त्यांचा स्वतःचा रंग सावळा आहे आणि गालावर छान तीळ आहे, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं.

काल भाभीने शेवटच्या नोटा वन्संच्या हातावर ठेवल्या. "दीदी, आज पूरा हो गया."

वन्संनी नोटा न मोजताच मुठीत धरल्या. मग त्यांच्या त्या हिंदीत म्हणाल्या, "मतलब कल से तुम उपर नहीं आयेगी?"

"आऊंगी ना! अब खाली हाथ आऊंगी, चाय पीने."

वन्संनी पैसे पाटल्यांच्या डबीत ठेवले आणि आधण टाकायला उठल्या.