पक्कडवाले साहेब

"आज कुणाचा वाढदिवस हाय?" पुलावर पाय ठेवताच साहेब हेच विचारायचे. नमस्कार नंतर. तोवर मागच्या खिशातली पक्कड हातात आलेली असायची.

पलूसजवळचा आमचा पूल केबलवर तोललेला आहे. नदीत उंच खांब आणि त्यावरून दोन्हीकडे उतरलेल्या जाडजूड केबल. तुम्ही कधी आला असाल तर पुलाआधी फ्लेक्सच दिसले असतील. दादा, भाऊ, युवा नेतृत्व, शर्यत जिंकलेला बैलसुद्धा. सगळे तारेनं केबलला आवळलेले. साहेब पुलाच्या तपासणीचे इंजिनिअर, फलटणचे, लष्करातून निवृत्त झालेले. आले की आधी तारा कापायचे.

बैलाचा मालक भांडायला आला.

"सायेब, ह्येनं पुलाचं काय बिघडतंय?"

"तुझ्या बैलाच्या मानंला तार आवळू का?"

"बैल जित्ता हाय. केबल लोखंडाची हाय."

साहेबांना हसू आलं. त्यांनी त्याला केबलच्या बुडाशी नेलं आणि तिच्या टोकावरचं टोपण सैल केलं. चहाच्या रंगाचं पाणी गळायला लागलं.

"तारेनं वरचं प्लास्टिक फाटतं. पाणी शिरतं. आत लोखंड कुजतं."

"म्हंजी पूल पडंल?"

"लगीच न्हाई पडणार. त्येच वाईट हाय."

पूल दुरुस्त करा म्हणून आम्ही काही पोरं पत्रकं वाटायचो. साहेब बजावायचे, "वाटा. पण माझ्या पुलाला डकवू नका."

सर्वांत खराब केबल बदलावी, असं त्यांनी वर कळवलं. वरून मंजूर झाला रंग आणि रोषणाई. उद्घाटनाला नेते आले, हार आले, साहेबांना बोलावणं नव्हतं. तरी ते आले. भाषणं चालू असताना त्या केबलपाशी उकिडवे बसून फाटक्या जागेवर रबरी पट्टी गुंडाळत होते.

"केबल बदलायची, तर मी मलमपट्टी करतोय. लिही तुझ्या पत्रकात."

मी लिहिलं. ज्यांनी ते वाचायला हवं होतं, त्यांचेच चेहरे फ्लेक्सवर होते.

पावसाळ्याच्या तोंडाला साहेब गेले. हृदयविकारानं, घरीच. मी तेव्हा पुण्यात कामाला होतो. पावसाळा सरल्यावर गावी आलो, तर पूल मोकळा. एकही फ्लेक्स नाही. मला भरून आलं. मग पुढं गेलो आणि एक दिसला. साहेबांचा. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली समस्त ग्रामस्थ.

बैलाचा मालक तिथंच उभा होता. "बाकीचं समदं आमीच काढलं रं. सायबास्नी आवडत नव्हतं. ह्यो एकच ठेवलाय."

"केबललाच बांधलाय?"

"व्हय. त्या पट्टीवर. तिथं तार घसरत न्हाई."

मी तार सोडायला लागलो. त्यानं माझा हात धरला. "गेलेल्या माणसाचा फोटू उतरवतोस? तुला काय वाटतंय का न्हाई?"

मी हात सोडवून घेतला. पक्कड नव्हती, तार पिळून पिळून तुटली तेव्हा बोटं सोलली होती. फ्लेक्स खाली आला. रबरी पट्टी कापली गेली होती. तिच्याखालच्या चिरेत मी बोट घातलं. बाहेर काढलं तेव्हा त्यावर माझं रक्त होतं आणि गंजाचं पाणी. मी ते बोट त्याच्यापुढं धरलं.

तो खाली वाकून साहेबांच्या फोटोवरचा चिखल पुसत होता.