मोहोरावरचा सौदा
मस्कतच्या बाजारात आंब्याची पेटी फोडली की पेंढ्याचा वास येतो आणि मला मामूंची रत्नागिरीची वखार आठवते. आठवीत शाळा सुटल्यावर त्यांनीच मला धंद्यात घेतलं. ‘एक बाग आणून दाखव, भागीदार करतो,’ म्हणाले होते. मी आणली. भाट्ये गावच्या एका काकीची, मोहोराने पिवळी झालेली, माश्यांनी घोंघावणारी. आमच्याकडे बागा मोहोरावरच विकतात आणि काकीलाही पैसे तेव्हाच हवे होते. मामूंनी नकारार्थी मान हलवली. ‘फळ तयार होऊ लागलं की या, ताई. जे अजून झालंच नाही त्याचा सौदा आमच्यात हराम.’ ‘मोहोर काय खोटा आहे, भाई?’ काकी चिडली आणि माझ्याकडे वळली, ‘मेल्या, उगाच पायपीट करवलीस!’ तिने रोख पैसे घेऊन बाग दुसऱ्या व्यापाऱ्याला दिली. पुढे धुकं पडलं, मोहोर काळा पडून गळला. मामू वाचले. पण त्यांनी नाकारलेल्या सौद्यावरच काकीचं वर्ष निघालं. त्यांचं ऐकून थांबली असती तर तिच्या हाती काहीच लागलं नसतं. ‘मग बरोबर कोण?’ मी विचारलं. ‘मी हुकूम पाळला. तिचं भागलं, अल्लाचे आभार. हे दोन्ही जुळवायला शिकलेला माणूस लागतो, तू तर शाळा सोडून बसलास!’ मामू हसले, आणि त्यांनी मला भागीदारही केलं. त्यांच्या शिकवणीवरच आज इथलं माझं दुकान उभं आहे. न झालेल्या मालाचा सौदा मी करत नाही. पण ‘नाही’ ऐकून कुणी उठून गेला, की बराच वेळ मी त्याच्या पाठीकडे बघत राहतो.