समजलं, आणि खाली माझी सही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा पुढच्या गावात होती आणि मुलींना ओढा ओलांडून पाठवायची पद्धत आमच्याकडं नव्हती. त्यामुळं शिकवणारी माणसं मी जवळून पाहिली ती थेट माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते.

आमचं गाव पलूस आणि तासगावच्या मधलं. दीड एकर द्राक्षबाग, बागेच्या कडेला बेदाणा वाळवायची शेड, आणि घरात आम्ही तिघंच. मुलगी नववीत गणितात कशीबशी वर ढकलली गेली होती. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिचे वडील जेवताना म्हणाले, "ह्या वर्षी काय करायचं ते कर. नापास झालीस तर परत बसवायचं न्हाई. बागेत बाया मिळंनात, तू हाईस तर तू."

रागानं म्हणाले नाहीत. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाले. म्हणून तर मला भीती वाटली. रागातलं बोलणं उतरतं, हे उतरणारं नव्हतं. मुलीला नर्स व्हायचं होतं. दहावी झाल्याशिवाय त्यातलं काहीच होणार नव्हतं.

इंग्रजीची मला काळजी नव्हती. आमच्याच गल्लीत एक सून होती, सांगलीत वाढलेली, बी. ए. झालेली. तिचे वडील एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. लहानपणी ते तिच्याकडून बाटल्यांवरची औषधांची नावं वाचून घ्यायचे, आणि चुकलं तर म्हणायचे, पेशंट मेला तुझा. तीच सवय घेऊन ती सासरी आलेली. घरात चार माणसांचा स्वयंपाक तिच्याकडं, म्हणून तिची शिकवणी चुलीपुढंच. ती भाकरी थापायची आणि मुलं उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचायची. कोण चुकलं की ती काही बोलायची नाही, फक्त हात थांबवायची. थापटण्याचा आवाज थांबला की मुलांनी आपली चूक आपण शोधायची. सापडली की भाकरी पुढं सुरू. तिच्या सासूबाई म्हणायच्या, "पोरास्नी इंग्रजी येईस्तवर आमी उपाशी." पण त्याच सासूबाई कोणी आलं की सांगायच्या, आमच्या सुनेकडं नऊ पोरं येतात.

गणितासाठी मात्र फौजी मास्तर. सगळं गाव त्यांना तसंच म्हणायचं. ते बौद्ध वस्तीतले, सैन्यातून हवालदार होऊन परत आलेले. स्वतःचं शिक्षण दहावीच, पण पलटणीत जवानांना नकाशा वाचायला आणि हिशेब करायला शिकवायचं काम त्यांच्याकडं पडलं होतं. देशाच्या चार कोपऱ्यांतली माणसं, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, आणि निम्म्यांनी शाळा पाहिलेली नाही, अशांना त्यांनी बारा वर्षं शिकवलं. गावात परतल्यावर घरापुढच्या अंगणात पत्रा टाकला, भिंतीला काळा रंग दिला आणि मुलं बसवली.

त्यांचा एक नियम होता. आज जे शिकवलं ते मुलानं घरी जाऊन त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला शिकवायचं. ते माणूस मुलापेक्षा कमी शिकलेलं पाहिजे. त्याला समजलं, की त्यानं वहीत आपल्या हातानं 'समजलं' असं लिहून खाली सही करायची. कुणाचा आजा सही करायचा, कुणाची आत्या. आमच्या घरात कमी शिकलेली म्हणजे मी.

मुलगी संध्याकाळी वही घेऊन चुलीजवळ बसायची. मी आमटीला फोडणी देत ऐकायची. कोन, बाजू, एकरूप, समरूप. सुरुवातीला एकदोन दिवस मी कान देऊन ऐकलं. मग मला वाटायला लागलं, हे आपल्याला कळण्यातलं नव्हे, आपण चौथीवाल्या. आणि मी 'नाही' लिहिलं तर मास्तर पोरीला रागावतील. तिनं विचारलं, "आई, समजलं न्हवं?" की मी म्हणायची, "व्हय की." हात पुसून 'समजलं' लिहायची आणि सही करायची. सही मात्र मी मन लावून करायची. चौथीनंतर हातात पेन आलंच नव्हतं, त्यामुळं पहिल्या सह्या वाकड्यातिकड्या होत्या. दिवाळीपर्यंत त्या सरळ झाल्या. मला त्याचंच अप्रूप.

डिसेंबरात मास्तरांनी सगळ्या मुलांची परीक्षा घेतली. माझी मुलगी भूमितीत पार नापास झाली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आईला घेऊन ये.

वीस वर्षं त्या गावात राहून मी त्या वस्तीत कधी गेले नव्हते. आमच्या घरातून कोणी जातच नव्हतं. शिकवणीला मुलगी जायची, ते वडिलांनी चालवून घेतलं होतं, कारण गणित दुसरं कोण शिकवत नव्हतं. मी डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला आणि मुलीच्या मागं मागं गेले. मास्तरांच्या बायकोनं सतरंजी टाकली, चहा आणला. मी कप हातात घेतला. जरा थांबले, हे खरं आहे. तिनं ते पाहिलं असणार. मग मी चहा प्यायले.

मास्तरांनी वही उघडून माझ्यापुढं ठेवली. पानामागून पान 'समजलं', 'समजलं', आणि खाली माझी सही.

"वैनी, अक्षर लय सुधारलंय तुमचं," ते म्हणाले.

मी खाली बघितलं.

"आता एवढं सांगा. समरूप म्हंजे काय?"

अंगणात आणखी तीन-चार मुलं बसली होती. मला पुरुषमाणसापुढं बोलायची सवय नाही, त्यात हे. मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि मला कळलं की तिलाही उत्तर माहीत नाही, ती माझ्याच तोंडून ऐकायची वाट बघते आहे.

"न्हाई समजलं," मी म्हणाले. "ह्यातलं काईच न्हाई समजलं मला. कवाच न्हाई."

मला वाटलं, आता ते म्हणतील, मग सही का केली. ते हसले.

"तुमी माझ्या रिक्रूटांच्याच जातीच्या," म्हणाले. "ऐका. डोंगरात आमची पलटण होती. मी नकाशा शिकवला आन् इचारलं, समझ गये? पंचवीस जण एकदम, जी साब. दुसऱ्या दिवशी त्यास्नी तसंच धाडलं. दहा जण भलत्याच नाल्यात उतरलं आन् दुपारपतुर बर्फात हुभं. परत आल्यावर एकाला इचारलं, बाबा, समजलं न्हवतं तर बोलला का न्हाईस? त्यो म्हणला, साब, तुमी एवढं जीव तोडून सांगत हुता, न्हाई कसं म्हणायचं. तवापासनं मी कुणालाच समजलं का म्हणून इचारत न्हाई. करून दाव म्हणतो."

"मग वहीत का लिवून घेता?" हे मी विचारलं नाही. विचारलं त्यांच्या बायकोनं, दारात उभं राहून.

मास्तर डोकं खाजवून म्हणाले, "व्हय गं. हितं मीच चुकलो. आया खोटं लिवणार न्हाईत असं धरून चाललो."

त्या गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. एवढी मुलं पुढं बसलेली, मी परकी बाई, आणि ते बायकोला म्हणाले, मी चुकलो. आमच्या घरात हे वाक्य मी ऐकलेलं नव्हतं.

मग त्यांनी नियम बदलला. आता 'समजलं' लिहायचं नाही. जिथं समजायचं थांबलं, तिथं ऐकणाऱ्या माणसानं वहीत टिंब द्यायचं. टिंब नसलेलं पान आणलं तर परत पाठवणार. "वैनी, तुमी जिथं अडता तिथंच ती बी अडलीया," ते म्हणाले. "तिला ठावं न्हाई, कारण ती तिथनं उडी मारून पुढं गेलीया. तुमी उडी मारू देऊ नका. तेवढंच काम तुमचं."

म्हणायला सोपं होतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा चुलीवरचं उतरवून मुलीसमोर मांडी घालून बसले. ती घडाघडा म्हणायला लागली, दोन त्रिकोण समरूप असतील तर संगत बाजू प्रमाणात असतात.

"थांब," मी म्हणाले. "समरूप म्हंजे सारखं न्हवं? मग हे एक मोठं हाय आन् एक बारकं. सारखं कुठनं?"

"अगं, आकारानं सारखं."

"आन् प्रमाणात म्हंजे?"

तिनं तेच वाक्य परत म्हटलं. मी परत थांबवलं. तिसऱ्यांदा ती चिडली. "तुला काय कळतंय चौथीवालीला! पुस्तकात हाय तसंच सांगतीया मी."

मला लागलं. पण मी पेन घेतलं आणि त्या वाक्यावर टिंब दिलं, चांगलं मोठं. ती रडत झोपली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते टिंब बघितलं आणि तिला काही शिकवलंच नाही. एक काठी हातात दिली आणि सांगितलं, सकाळच्या उन्हात तुमच्या बेदाण्याच्या शेडची उंची मोजून आण. वर चढायचं नाही. आईला बरोबर घ्यायचं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी बागेत गेलो. हंगाम सुरू व्हायचा होता, शेड रिकामी होती, जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या. मुलीनं काठी जमिनीत उभी धरली. मी माझ्या हातानं मोजली, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. काठी दोन हात, तिची सावली तीन हात. मग शेडच्या सावलीत मी वाकून वाकून मोजत गेले. पंधरा हात भरली.

मुलगी वहीत अक्षरं मांडायला लागली, क्ष, भागिले, बरोबर. मी नुसती बघत होते.

"धा," मी म्हणाले.

"काय धा?"

"शेड. धा हात. तिनाच्या सावलीला दोनाची काठी. पंधरात तीन पाच डाव. पाच दुणे धा."

पाढे मला चौथीपर्यंतचे सगळे पाठ होते. ते विसरायला मला कोणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मुलगी माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं वहीत बघितलं. तिचंही दहाच येत होतं.

तेवढ्यात तिचे वडील विहिरीवरची मोटार बंद करून आले. काय चाललंय विचारलं. ऐकून म्हणाले, "सावलीवरनं उंची? मास्तर खुळं करतोय तुम्हाला." आणि सरळ शेडवर चढले. वरून दोरी सोडली, खाली येऊन ती आपल्या हातानं मोजली. "नऊ हात," म्हणाले. "बघा. कसलं धा."

मला वाटलं, झालं, चुकलं, आणि ह्यांना आयतं सापडलं. पण मुलगी दोरीकडं बघत होती. मग तिनं माझा हात धरला, वडिलांचा हात धरला आणि दोन्ही कोपरं शेजारी लावली. त्यांचा हात माझ्याहून तीन बोटं लांब.

"दादा, तुमचा हात मोठा. काठी मोजा बरं तुमच्या हातानं."

त्यांनी मोजली. दोन हाताला कमी भरली. सावली मोजली, तीही तिनाला कमी. मग शेडची सावली मोजली, ती साडेतेराच भरली. मुलगी जमिनीवर बसली आणि काडीनं मातीत लिहायला लागली. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "आई, कुणाचा बी हात घे. काठी दोन तर सावली तीन, ते मोडत न्हाई. तेच समरूप."

हे तिनं पुस्तकातलं सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलं, का मोडत नाही? तर तिनं वर सूर्याकडं हात केला आणि सांगितलं, ऊन दोघांवर एकाच बाजूनं तिरपं पडतंय म्हणून. मला समजलं. खरंच समजलं. तिचे वडील दोरी गुंडाळत उभे होते. "म्हंजे माझं नऊ बी बरोबर," म्हणाले.

"दादा, तुमचं बी बरोबर," ती म्हणाली. त्यावर ते बागेत निघून गेले, पण जाताना खूश होते.

त्यानंतर मार्चपर्यंत मी वहीत किती टिंबं दिली असतील, सांगता येणार नाही. कधी टिंब पुस्तकातल्या रीतीवर पडायचं, कधी मास्तरांच्या सांगण्यावर. एकदा तर ते स्वतःच माझ्या टिंबापाशी अर्धा दिवस अडले आणि मग मुलांना म्हणाले, हे मी तुम्हाला घाईनं सांगितलं होतं, परत सांगतो.

जूनमध्ये निकाल लागला. मुलगी पास झाली. गणितात दीडशेपैकी त्र्याऐंशी. वडिलांनी गुणपत्रिका उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "नर्सला किती लागत्यात?" कॉलेजात जाऊ का, हे तिला विचारावंच लागलं नाही.

मी बेदाण्याची पुडी बांधून घेतली आणि मुलीबरोबर वस्तीत गेले. या वेळी मी पुढं होते. मास्तर बाजारला गेले होते, त्यांची बायको घरी होती. तिनं चहा टाकला. मी तिला निकाल सांगितला. ती म्हणाली, "बसा की. ते शेडचं काय केलं हुतं तुमी? हे सारखं सांगत्यात पोरास्नी. मला ते सावलीचं काय कळलं न्हाई."

मी मुलीकडं बघितलं. ती नुसती हसली. मग मीच चुलीजवळची काडी घेतली आणि मातीत दोन रेघा ओढून सांगायला लागले. सगळं सांगून झालं. विचारलं मात्र नाही, समजलं का म्हणून.

तिनं थोडा वेळ रेघांकडं बघितलं आणि मोठ्या रेघेवर बोट ठेवलं. "हितं," ती म्हणाली. "हितनं पुढं न्हाई समजलं."

मी चहाचा कप बाजूला ठेवला, मातीतलं सगळं पुसलं आणि पहिल्या रेघेपासून परत सुरू केलं.