आक्काबाईच्या चुलीतला विस्तव

राहुरीच्या अलीकडच्या त्या वाडीत कुणाला विस्तव हवा असला की पाय आपोआप मरियाबाईच्या दाराकडे वळत. लढाईचे दिवस, काडेपेटी मिळायची मारामार. पण मरियाबाईची चूल कधी थंड नसायची. आणि त्याचं कारण लढाई नव्हतं, दानीएल होता.

दानीएल तिचा एकुलता एक पोरगा. पलटणीत जायच्या सकाळी त्यानं स्वतः चूल पेटवली, आंघोळीचं पाणी तापवलं आणि निघताना हसत म्हणाला, "आई, मी येईपातूर ही इझू देऊ नगंस." पोरानं थट्टा केली, आईनं पदराला गाठ मारून ठेवली. रोज जेवणं उरकली की ती निखाऱ्यांवर राख ओढायची, सकाळी राख सारून फुंकर घालायची. चर्चचे पाळकसाहेब एकदा रागावले, ख्रिस्ती बाईनं अग्नीची पूजा करावी का म्हणून. "पुजतीय कुठं साहेब, राखतीय," ती म्हणाली.

लढाई संपली आणि शेहेचाळीस साली दानीएल आला. आला म्हणजे काय, कुणीतरी आलं म्हणा. गेला तो पोरगा तव्यावरची भाकरी हिसकावून खाणारा, चर्चमध्ये गीत गाताना सगळ्यांच्या वर आवाज लावणारा, आईच्या चालण्याची नक्कल करून तिलाच हसवणारा. आला तो हिवतापानं पिवळा पडलेला, कानशिलं पांढरी झालेला माणूस. जेवायचा, आपली थाळी आपण घासायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याच्यासाठी वाढवलेला कोंबडा त्यानं कापूच दिला नाही. "दान्या" म्हटलं तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला वळायचा.

मरियाबाईला वाटलं होतं, पोरगा आला की जिवाची तगमग थांबेल. कसलं काय! तो दूर होता तेव्हा वाट बघायला रस्ता तरी होता. आता तो समोर बसलेला, आणि तिला दान्याची आठवण पहिल्यापेक्षा जास्त यायची. दिवस कलला की ती जुन्या सवयीनं फाट्यावर जाऊन उभी राहायची.

एकदा दानीएल तिच्या मागोमाग आला. "कुणाची वाट बघती, आई?"

खोटं बोलायचा तिचा स्वभावच नव्हता. "दान्याची," ती म्हणाली.

तो तिथंच कडेच्या दगडावर बसला आणि आल्यापासून पहिल्यांदा बोलता झाला. ब्रह्मदेशात गोळी लागल्यावर त्याला एका बौद्ध मठात ठेवलं होतं. तिथला म्हातारा भिक्षू मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा. "मी त्येला इचारलं, घरनं निघालेला मी आन् मानसं मारनारा मी, दोगं एकच का? तर म्हनला, आपल्या आत न बदलनारं आसं काईच नस्तं. अंग बदलतं, मन बदलतं, सवयी बदलत्यात. कालच्यातनं आजचा हुतो. त्योच न्हाई, आन् दुसराबी न्हाई."

"मग मी जल्म दिला त्यो कुठं गेला?" मरियाबाईनं विचारलं.

दानीएल दगडावरून उठला. "तुला माज्याकडं बघून तरास हुतो," तो म्हणाला. "मी सकाळी नगरला जातो, कामधंदा बघतो."

सकाळी त्यानं खरंच बोचकं बांधलं. मरियाबाई वाटेसाठी भाकरी थापायला बसली. आजवर कुणालाही न सांगितलेलं तिनं मग सांगून टाकलं.

"माज्यामुळंच झालं ह्ये. मधी मी तापानं पडले हुते. चूल इझली, पार गार झाली. त्याच वक्ताला दान्या हरवला आसंल."

दानीएल तिच्याशेजारी उकिडवा बसला. "मग ह्यो इस्तू कुठला?"

"आक्काबाईकडनं आनला." आक्काबाई म्हणजे शेजारची तिची चुलतजाऊ.

"आन् तिच्या चुलीत कुठनं आलता?"

मरियाबाई थापता थापता थांबली. "माज्याच चुलीतनं. आदल्या दिशी तिनं खापरात न्हेलता."

दानीएलनं जळण आत सारलं. ती मात्र जाळाकडे बघत राहिली. इतके दिवस हा विस्तव तिनं चोरीच्या मालासारखा लपवून सांभाळला होता. दान्यानं पेटवलेली लाकडं तर त्याच दिवशी जळून गेली होती. त्यानंतर रोजचं जळण नवं, रोजचा जाळ नवा. तोच म्हणावा तर तो नव्हता. परका म्हणावा तर जीभ रेटेना. तिनं मान वळवून शेजारच्या माणसाकडे पाहिलं, त्याच्यात कुणाला न शोधता, तो होता तसं पाहिलं.

"जाऊ नगंस," ती म्हणाली. "पर खरं सांगते, त्या पोराची याद मला येतच ऱ्हानार. मरूस्तवर."

दानीएलनं बोचकं भिंतीशी सारलं आणि फुंकणी हातात घेतली. त्याचे डोळे भरून आले होते.

"मलाबी त्याची लई याद येती, आई," तो म्हणाला.