रुपरावची तान

रुपराव मूळचा कुहीकडचा. राहतो सक्करदऱ्यात आणि चालवतो बुटीबोरीतल्या एका सूतगिरणीच्या कामगारांची बस. सतरा वर्षं तीच बस. तिच्या गिअरवर दुसऱ्या कोणी नुसता हात ठेवला तरी त्याला खपत नाही. माणूस दिलदार, पण डोकं असं गरम की बाप्पा! ऑटो आडवा आला की अर्धं धड खिडकीबाहेर, आणि "काहून बे"पासून जी सुरुवात व्हायची ती बुटीबोरी येईपर्यंत थांबायची नाही.

गिरणीच्या वार्षिक तपासणीत त्याच्या बीपीने कहर केला. तिथल्या दवाखान्यातली नवी डॉक्टर नूपुर पुण्याकडून शिकून आलेली. तिने गोळी लिहून दिली आणि बजावलं, "काका, मुख्य म्हणजे ताण घालवा. महिन्याभरात बीपी उतरलं नाही, तर बस दुसऱ्याकडे जाईल."

बस जाणार म्हटल्यावर रुपरावच्या पायाखालची जमीनच सरकली. पण उपाय ऐकून त्याला हायसं वाटलं. आता आमच्याकडे 'ण' आहेच कुठे? पाणी ते पानी, कोण तो कोन, आणि तान म्हणजे सरळसरळ तहान. ती घालवायला काय लागतं? त्याच संध्याकाळी त्याने पाच लिटरचा कॅन आणला. दवाखान्यात सोबत गेलेली त्याची बायको वंदना ओठ दाबून रोज सकाळी कॅन भरून देऊ लागली.

मग जी गंमत सुरू झाली, विचारू नका. राग आला की रुपरावचा घसा कोरडा पडे. पडला की गाडी बाजूला घेऊन तो भलामोठा घोट भरे. तोंडभर पाणी घेतलेला माणूस शिव्या देणार कशा? "काहून बे" गालातच फुगायचं आणि पाण्याबरोबर पोटात जायचं. आडवा आलेला ऑटोवाला शिव्या खायच्या तयारीने थांबलेला, आणि हा फुगल्या गालांनी मान डोलावतोय. तो बिचारा घाबरून निघून जायचा. बसमधले पोट्टे खिदळायचे. रोज उशिरा येणाऱ्या उन्मेषला तर चार घोटांत माफी मिळाली. इतकं पाणी प्यायल्यावर वाटेत दोनदा उतरावं लागे ते वेगळंच. दुसऱ्या आठवड्यात आरशात आपले गाल पाहून रुपराव स्वतःच हसायला लागला.

महिना झाला. नूपुरने बीपीचा पट्टा बांधला, आकडा पाहिला, विश्वास बसेना म्हणून परत बांधला. बस तुमचीच, म्हणाली. ताण घालवला कसा ते विचारलं, तर रुपरावने ऐटीत सांगितलं, रोज पाच लिटर. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ताण म्हणजे तहान नव्हे, टेन्शन, असं समजावता समजावता हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रुपराव शेजारी बसलेल्या वंदनाकडे वळला. "तुले मालूम होतं वं?"

"पहिल्याच दिवशी," वंदना म्हणाली. "पन टेन्शन नोका घेऊ म्हनलं का तुमी अजूनच भडकता. बावीस वर्षं सांगून पाह्यलं. पानी भरून देलं, तं पेले."

रुपराव आता भडकणार, असं दोघींनाही वाटलं. पण तो असा खदखदून हसत सुटला, की खुर्ची हलायला लागली आणि नूपुर पुन्हा पट्टा घेऊन धावली.