तेरा बारीक चौकोन

माझ्या आत्याला दवाखान्यात सगळे कर्कटकबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. बावीस वर्षं ती ईसीजी काढते आणि मशीनवर तिचा काडीचा विश्वास नाही. मशीन काहीही छापो, ही खिशातून कंपासपेटीतलं जुनं कर्कटक काढते आणि ईसीजीची कागदी पट्टी स्वतः मोजते.

त्या दिवशी एक बाप चौदा वर्षांच्या मुलीला दंडाला धरून घेऊन आला. शाळेची घंटा वाजली की ती कोसळायची. "परीक्षा आली की हिची नाटकं सुरू," बाप म्हणाला. डॉक्टरांनाही ते पटलं होतं. मन शांत करायची गोळी त्यांनी लिहूनही टाकली होती. ईसीजी आपला नावापुरता.

मशीनने छापलं, सर्व ठीक. आत्याने कर्कटक लावलं. ठोका सुरू झाल्यापासून शेवटची लाट विरेपर्यंत कागदावरचे साधारण दहा बारीक चौकोन व्हायला हवेत. इथे तेरा. लाट इतकी चपटी, की ती संपली कुठे हेच मशीनला कळलं नव्हतं. आत्याचं डोकं फिरलं. पट्टी घेऊन ती थेट डॉक्टरांच्या खोलीत घुसली. बापलेक मागोमाग.

"तारा लावणं तुमचं काम. निदान मी करतो," डॉक्टर म्हणाले.

"मग करा ना!" आत्या कडाडली आणि बापाकडे वळली. "ऐका. हृदयाच्या पेशीला बारीक दारं असतात. सोडियम आत शिरलं की ठोका सुरू होतो. पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी सावरते. हिची पोटॅशियमची दारं नीट उघडत नाहीत. पेशी सावरायच्या आत पोरगी दचकली, की हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलतच नाही. आणि ही गोळी तीच दारं आणखी अडवते! नाटकं म्हणे."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

तिने तिथूनच मोठ्या इस्पितळातल्या हृदयतज्ज्ञांना पट्टीचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला: गोळी अजिबात नको, मुलीला ताबडतोब आणा. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली आणि दुसरा पेशंट आत बोलावला. माफीबिफी काही नाही. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

रुग्णवाहिका येईपर्यंत आत्या बापाला म्हणाली, "हे रक्तातून येतं. शर्ट काढा, आडवे व्हा." त्याचे निघाले साडेबारा चौकोन.

बाप छातीवरची जेली न पुसताच उठून बसला. "माझी धाकटी बहीण," तो म्हणाला, "दाराची बेल वाजली तरी पडायची. एकदा पडली ती उठलीच नाही. ती यानेच गेली का हो?"

"असणार," आत्या म्हणाली.

मुलगी बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, हे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली, "तरी मी पडले की मला मारत होतात?"