बराबर आलंय की!

“जयभीम भाऊ. लई बराबर आलंय की! हात, खांदा, समदं मूर्तीवानी,” कमलताई म्हणाल्या आणि माझ्या हातातला चिमटा तिथंच थांबला.

अकरा वर्षं मी नांदेडला भंगारातल्या काचेची मोझाइक करतो, म्हणजे तुकडे जुळवून चित्र. वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येक माणूस एकच सांगतो, चित्र उलटं आहे. ते उलटंच असतं. आम्ही तुकडे खळीनं कागदावर चिकटवतो. मग कागद बाहेरच्या बाजूला ठेवून ते भिंतीवरच्या ओल्या सिमेंटवर दाबतो. कागद भिजवून सोलला की खालची सपाट बाजू समोर येते आणि चित्र आरशातल्यासारखं फिरतं. ताईंना टेबलावर बरोबर दिसलं, म्हणजे भिंतीवर चुकणार होतं.

काम हदगाव तालुक्यातल्या एका विहाराचं. ताई तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. सहा बाय चार फूट, भूमिस्पर्श मुद्रेतले बुद्ध. या मुद्रेत उजवाच हात जमिनीला टेकतो. चीवराला औषधाच्या बाटल्यांची तपकिरी काच होती. दारूच्या बाटल्या ताईंनी पहिल्याच दिवशी नाकारल्या, पंचशीलात बसत नाही म्हणून. पिंपळपानांना मंडळानं घरोघरून जमवलेल्या फुटक्या बांगड्या. तीन हजार चारशे तुकडे, एकोणीस दिवसांचं काम. बुद्धपौर्णिमेला सहा दिवस उरले होते.

“ताई, बरोबर दिसतंय हाच घोळ आहे,” म्हणून मी सगळं सांगितलं.

“म्हंजे भिंतीवर भगवंत डावखुरे?”

“हो.”

“आन् तुमी तर समदं दोनदा तपासता म्हणं!”

तिथंच तर चुकलं होतं. प्रिंटवाल्यानं सांगितल्याप्रमाणे चित्र मिरर करून दिलं होतं. मी खात्री म्हणून ते पालथं घालून पुन्हा गिरवलं. उण्याला उण्यानं गुणलं की अधिक येतं, हे मुलीला मीच शिकवलं होतं.

“पत्रिका वाटून झाल्यात भाऊ. पौर्णिमा काय पुढं सरकत न्हाई.”

नव्यानं करायला वेळ नव्हता. पण ही काच आरपार रंगीत, दोन्हीकडून सारखीच. रेडियमच्या दुकानातून स्टिकर उचलायची चिकट फिल्म आणली. ती वरून लावायची, दोन प्लायमध्ये धरून उलटायचं, कागद भिजवून सोलायचा. फिल्मला पाण्यानं काही होत नाही. मग फिल्म बाहेर ठेवून भिंतीवर लावायचं आणि सिमेंट धरलं की फिल्म सोलायची. एकेक फुटाचे चोवीस भाग होते. आधी कोपऱ्यातला एकच करून पाहिला. जमला. दुसऱ्या दिवशी ताई आणखी दोघींना घेऊन पहिल्या एसटीनं आल्या आणि कागद सोलायला बसल्या. एकशे बारा तुकडे सुटले. मोजून परत लावले.

एक तोटा टळला नाही. काच कमी-जास्त जाडीची, त्यामुळे वरची बाजू उंचसखल आली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहारात मी ते स्वतःहून ताईंना दाखवलं. त्यांनी पानांवरून तळवा फिरवला.

“पिंपळाला काय कोण इस्तरी करतंय का? हात उजवा हाय ना?”

“उजवाच.”

“मंग झालं.”

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये कोणी आलं, की मी आधी विचारतो, यात काय चुकलंय? चित्र उलटं आहे म्हणाला, तर चहा सांगतो. छान आहे म्हणाला, तर काम थांबवतो.